लेडव्हिलच्या धावपट्टीवर परदेशी लष्करी हेलिकॉप्टर: ते तिथे का येतं आणि बघताना काय टिपायचं

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल नावाचं जुनं खाणगाव आहे. गावाजवळचा लेक काउंटी विमानतळ समुद्रसपाटीपासून ९,९३४ फुटांवर, म्हणजे ३,०२८ मीटरवर आहे. उत्तर अमेरिकेत याहून उंचावर सार्वजनिक विमानतळ नाही. सुमारे ६,४०० फुटांची एकच धावपट्टी, भोवती रॉकी पर्वताची १४ हजार फुटांवरची शिखरं. प्रवासी कंपन्यांची विमानं इथे उतरत नाहीत. तरीही या कुंपणापाशी हेलिकॉप्टरप्रेमी कॅमेरे घेऊन उभे असतात, कारण अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या हेलिकॉप्टर कंपन्या आपली नवी यंत्रं उंचीवरच्या चाचण्यांसाठी इथे आणतात. कधी त्यात एखादं असं लष्करी हेलिकॉप्टर निघतं, की ज्या देशाचं ते आहे तो देश हजारो किलोमीटर दूर असतो. शेपटीवर अनोळखी क्रमांक, नाकापुढे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची लांब दांडी, बाजूला उभी तंबूवजा गाडी.

असं काही दिसलं की पहिले तर्क ठरलेले असतात: गुप्त मोहीम असेल, युद्धसराव असेल, नाहीतर खरेदीचा सौदा झाला असेल. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. ते यंत्र तिथल्या विरळ हवेसाठी आलेलं असतं. कुठली चाचणी चालू आहे हे झेंड्यापेक्षा हेलिकॉप्टरच्या हालचालीवरून जास्त नीट कळतं, आणि ते ओळखायला शिकणं फार अवघड नाही. त्यासाठी आधी हवेचा हिशोब समजून घ्यावा लागतो.

विरळ म्हणजे नेमकी किती विरळ?

वैमानिक तीन वेगवेगळ्या उंच्या मोजतात. पहिली जमिनीची, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची. दुसरी दाब-उंची: उंचीमापक १०१३.२५ हेक्टोपास्कलवर लावला की तो जी दाखवतो ती. तिसरी घनता-उंची, आणि हेलिकॉप्टरला खरी हीच कळते. आजची हवा जितकी विरळ आहे तितकी विरळ हवा प्रमाण वातावरणात कुठल्या उंचीवर सापडेल, ती घनता-उंची.

प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर हजार फुटांना ते साधारण २ अंशांनी उतरतं. या हिशोबाने लेडव्हिलला उणे ४.७ अंश असायला हवेत. जुलैतल्या दुपारी तिथे प्रत्यक्षात २२ अंश असतात, म्हणजे २६.७ अंश जास्त. वैमानिकांचा ठोकताळा असा की दर जास्तीच्या अंशाला १२० फूट मिळवायचे. २६.७ गुणिले १२० म्हणजे सुमारे ३,२०० फूट. ते ९,९३४ मध्ये मिळवले की घनता-उंची सुमारे १३,१०० फूट येते. त्याच दिवशी पहाटे २ अंश असतील तर तीच धावपट्टी १०,७०० फुटांवर असल्यासारखी वागते. एकाच जागी उभं राहून पहाटे आणि दुपारी दोन वेगवेगळ्या उंच्या मिळतात, आणि चाचणी करणारा चमू या फरकाचा पुरेपूर उपयोग करून घेतो.

अमेरिकेतल्या बऱ्याच छोट्या विमानतळांवर स्वयंचलित हवामान केंद्र असतं आणि ते रेडिओवर घनता-उंचीही बोलून दाखवतं. लेडव्हिलचा संकेत के-एल-एक्स-व्ही. त्याचं हवामान जालावरही दिसतं. निरीक्षणाच्या वहीत वेळ, तापमान, वारा आणि दाब हे चार आकडे टिपले नाहीत तर बाकीच्या नोंदींना फारसा अर्थ उरत नाही.

डोंगरच का लागतो?

हा प्रश्न रास्त आहे. संगणक आहेत, पवनबोगदे आहेत, इंजिनाला विरळ हवा पुरवणारे बंद चाचणीकक्षही आहेत. मग अख्खं हेलिकॉप्टर महासागर ओलांडून कशाला न्यायचं?

उत्तर एका गुणोत्तरात आहे. हेलिकॉप्टरचं वजन घ्या. त्याला हवेची घनता, रोटरचं, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांच्या संचाचं, क्षेत्रफळ आणि पात्याच्या टोकाच्या वेगाचा वर्ग या तिघांच्या गुणाकाराने भागा. जो आकडा येतो त्यावरून पाती हवेला किती तिरकी लावावी लागतील, म्हणजे रोटर आपल्या क्षमतेच्या कडेला किती जवळ आला आहे, ते कळतं. लेडव्हिलला २२ अंशांच्या दुपारी हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६७ टक्के असते. म्हणजे १० टनांचं हेलिकॉप्टर तिथे तरंगतं तेव्हा त्याची पाती जितकी तिरकी असतात, तितकी समुद्रकिनारी आणायची तर त्याच यंत्रात जवळपास १४.९ टन वजन भरावं लागेल. तेवढं वजन सांगाडा पेलणार नाही, चाकं पेलणार नाहीत आणि गिअरबॉक्स तर नाहीच. डोंगरावर मात्र वजन मर्यादेत ठेवूनही रोटरला त्याच्या कडेपर्यंत नेता येतं.

शक्तीचाही हिशोब पाहू. रोटरचा व्यास १६.३ मीटर, म्हणजे एनएच-९० या युरोपीय लष्करी हेलिकॉप्टरच्या मापाचं यंत्र, वजन १० टन. जागच्या जागी तरंगण्यासाठी हवा खाली ढकलायला समुद्रसपाटीला किमान सुमारे १,३६० किलोवॅट लागतात, आणि लेडव्हिलच्या दुपारी सुमारे १,६५० किलोवॅट. ही फक्त आदर्श रोटरची गरज झाली. पात्यांचं घर्षण आणि यंत्राला गिरकी घेऊ न देणारा शेपटीचा रोटर यांचा खर्च वेगळा. गरज २२ टक्क्यांनी वाढली, आणि इंजिनात शिरणारी हवा विरळ असल्याने पुरवठा नेमका त्याच वेळी घटला. हेलिकॉप्टरची अडचण होते ती या दुहेरी कात्रीमुळे.

अमेरिकी लष्कराने याच अडचणीला धरून एक जुनी मोजपट्टी ठरवलेली आहे: ४,००० फूट आणि ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस. अलीकडे ६,००० फूट आणि ९५ अंश अशी जास्त कडक अटही घालतात. लेडव्हिलची थंड पहाटदेखील घनता-उंचीच्या मापाने या दोन्ही अटींच्या वर असते.

आधी काय हात टेकतं?

समुद्रसपाटीजवळ हेलिकॉप्टरच्या इंजिनात सहसा शक्ती उरलेली असते आणि मर्यादा गिअरबॉक्सची असते, म्हणून वैमानिकाची नजर टॉर्कच्या, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या पिळाच्या, काट्यावर. उंचीवर चित्र बदलतं. टॉर्क अजून मर्यादेखाली असतो, पण टर्बाइनमधल्या वायूचं तापमान किंवा इंजिनाच्या गाभ्याची फिरकी आधी लाल रेषेला टेकते. कुठल्या उंचीवर, कुठल्या तापमानाला एक मर्यादा मागे पडून दुसरी पुढे येते, हे शोधणं हे चाचणीचं मोठं काम असतं.

लाल रेषेपुढेही वैमानिकाने कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा डाव्या हाताचा दांडा, ओढत राहिला तर इंजिन आणखी शक्ती देत नाही आणि रोटरची फिरकी उतरायला लागते. उचल फिरकीच्या वर्गात बदलते. फिरकी १० टक्के पडली तर त्याच कोनाला उचल १९ टक्के जाते. शेपटीचा रोटर त्याच गिअरबॉक्सने फिरत असल्याने त्याचीही तितकीच जाते, आणि नाक वळायला लागतं. अशा वेळी कलेक्टिव्ह थोडा खाली करून फिरकी परत मिळवायची आणि जागा असेल तर पुढे वेग घ्यायचा, हा उपाय. साधारण १५ ते २० नॉट (ताशी सागरी मैल) वेगाला रोटरला ताजी, न ढवळलेली हवा मिळू लागते आणि लागणारी शक्ती झपाट्याने घटते. म्हणूनच उंचीवरचं उड्डाण पाहताना हेलिकॉप्टर आधी जमिनीलगत पुढे सरकतं आणि मग वर चढतं असं दिसतं. मुंबईत जुहूला जे यंत्र सरळ वर उठेल, तेच लेडव्हिलला धावपट्टीची लांबी वापरतं.

कुंपणाबाहेरून चाचणी ओळखणं

वेळ महत्त्वाची. तरंगण्याच्या आणि मंदगतीच्या चाचण्यांना जवळपास स्थिर हवा लागते. वारा ३ नॉटच्या वर गेला की आकडे डागाळतात, कारण थोडा वाराही रोटरला फुकट मदत करतो. त्यामुळे काम उजाडताच सुरू होतं. कोलोरॅडोत जुलै-ऑगस्टला दुपारी गडगडाटी ढग जमतात. दुपारी जास्त घनता-उंची हवी असली तरी वारा आणि वीज यांमधली शांत फट सापडेपर्यंत चमू बसून राहतो. कुंपणाशी सकाळी दहाला पोचलेल्या माणसाला बहुधा इंधन भरणं आणि चर्चाच दिसतात.

तरंगण्याची चाचणी ओळखायला सोपी. हेलिकॉप्टर चाकं जमिनीपासून काही फूट वर ठेवून स्थिर थांबतं, अर्धा-एक मिनिट तसंच राहतं, मग थोडं वर जातं, पुन्हा थांबतं. जमिनीपासून साधारण एका रोटर-व्यासाच्या आत असेपर्यंत खाली गेलेली हवा जमिनीवर पसरते आणि रोटरला शक्ती कमी लागते. याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. दीड व्यासाच्या वर तो जवळपास संपतो. दोन्ही ठिकाणचे आकडे वेगळे लागतात. काही यंत्रांच्या पोटाखाली वजन बांधलेली दोरी लोंबताना दिसते. तिच्यावर खुणा असतात आणि खालचा माणूस ती पाहून रेडिओवर उंची सांगतो. रेडिओ उंचीमापक असला तरी ही दोरी वापरतात, कारण दोन-तीन फुटांच्या फरकानेही ग्राउंड इफेक्टचा आकडा हलतो.

याच चाचणीचा दुसरा प्रकार बघायला मिळाला तर वेळ काढून बघावा: बांधून तरंगणं. धावपट्टीच्या कडेला जमिनीत पक्की खिळवलेली कडी, तिला पोलादी केबल, केबलमध्ये ताण मोजणारा लोड सेल, आणि वरचं टोक हेलिकॉप्टरच्या माल उचलण्याच्या हुकात. यंत्र हलकंच ठेवतात. वैमानिक पायरीपायरीने शक्ती वाढवतो, केबल ताठ होत जाते, आणि प्रत्येक पायरीला हेलिकॉप्टरचं वजन अधिक केबलचा ताण म्हणजे रोटरची एकूण उचल असा आकडा मिळतो. वजनाच्या पाट्या चढवण्या-उतरवण्यात दिवस जात नाही. एका टाकीभर इंधनात हलक्यापासून जडापर्यंतची अख्खी मालिका होते. केबलच्या लांबीवरून चाचणी आत आहे की बाहेर तेही कळतं: आखूड केबल म्हणजे ग्राउंड इफेक्टमध्ये, लांब म्हणजे बाहेर.

यात चुका होतात त्या केबलच्या कोनामुळे. केबल अगदी उभी नसेल तर ताणाचा काही भाग आडवा जातो आणि हिशोब चुकतो. शिवाय हेलिकॉप्टर बाजूला ओढलं जाऊन धोका वाढतो. वैमानिकाला स्वतःच्या पोटाखालची केबल दिसत नाही, म्हणून जमिनीवर दोन बाजूंना दोन निरीक्षक उभे राहून 'अर्धा मीटर डावीकडे', 'थोडं मागे' असं सांगत असतात. काही बिघडलं तर केबल सोडण्यासाठी विजेचा खटका आणि तो न चालल्यास यांत्रिक खटका, असे दोन मार्ग ठेवतात. त्या वेळी केबलच्या आसपास कोणी फिरत नाही, कारण ताणलेली पोलादी केबल सुटून उसळली तर माणूस वाचत नाही.

धावपट्टीवरून गाडी धावते आहे आणि तिच्याशेजारून हेलिकॉप्टर आडवं किंवा चक्क मागे मागे उडतं आहे असं दिसलं, तर ती मंदगतीची चाचणी. हेलिकॉप्टरचा नेहमीचा वेगमापक अगदी कमी वेगाला भरवशाचा नसतो, त्यातून आडव्या उड्डाणात तर तो निरुपयोगीच. म्हणून नेमक्या वेगाने धावणारी गाडी हीच मोजपट्टी. वेग ५-५ नॉटने वाढवतात, आणि समोरून, बाजूंनी, मागून, तिरक्या दिशांनी तेच पुन्हा करतात. नागरी प्रमाणपत्रासाठी कुठल्याही दिशेच्या १७ नॉट वाऱ्यात यंत्र ताब्यात राहतं हे दाखवावं लागतं. लष्करं याहून बरंच जास्त मागतात.

इथे खरी परीक्षा शेपटीच्या रोटरची असते. मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर उजवीकडे आडवं उडताना शेपटीच्या रोटरवर सगळ्यात जास्त भार येतो आणि तो रोटर पायाने सांभाळणाऱ्या पेडलांपैकी डावं पेडल जवळपास तळाला जातं. चाचणीत पेडलचा साधारण दहावा हिस्सा शिल्लक राहायला हवा असा दंडक ठेवतात. तो संपला की यंत्र त्या दिशेच्या जास्त वाऱ्यात नाक धरून ठेवू शकत नाही आणि गिरकी घेतं. डावीकडे आडवं उडताना दुसराच त्रास: शेपटीचा रोटर स्वतःच ढकललेल्या हवेत शिरतो, त्याची उचल धडधडते आणि नाक डावी-उजवीकडे झटके खातं. लांबूनही हे झटके स्पष्ट दिसतात. मुख्य रोटर उलट दिशेचा असेल तर डावं-उजवंही उलटं. विरळ हवेत शेपटीच्या रोटरची क्षमता घटते आणि मुख्य रोटरचा टॉर्क मात्र वाढलेला असतो. म्हणून वजन उचलायला शक्ती पुरते पण पेडल संपतं, असे निकाल उंचीवर निघतात. नव्या यंत्राची शेपटी नंतर बदलावी लागते ती अशा निकालांमुळेच.

इंजिन सुरू करण्याची चाचणी बाहेरून कंटाळवाणी दिसते. रात्रभर थंडीत ठेवलेलं यंत्र, इंजिन सुरू, बंद, थांबा, पुन्हा सुरू. पण विरळ हवेत इंधनाचं प्रमाण जरा जास्त पडलं तर तापमान लाल रेषेपार उसळतं, कमी पडलं तर इंजिन अर्धवट फिरकीवर अडकतं, आणि थंडीने बॅटरी मलूल झालेली असेल तर दोन्हींची शक्यता वाढते. सीमेवरच्या ठाण्यात उतरून इंजिन बंद केलेलं हेलिकॉप्टर परत सुरूच झालं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. म्हणून ही चाचणी तितकीच गंभीरपणे करतात.

एक गल्लत टाळावी. लेडव्हिलच्या परिसरात दिसणारं प्रत्येक लष्करी हेलिकॉप्टर चाचणीसाठी आलेलं नसतं. जवळच जिप्सममधल्या ईगल काउंटी विमानतळावर कोलोरॅडो आर्मी नॅशनल गार्डची (राज्याच्या राखीव लष्करी दलाची) उंचीवरच्या उड्डाणाची शाळा आहे. १९८० च्या दशकापासून ती वैमानिकांना हाताशी असलेल्या शक्तीचा हिशोब ठेवून डोंगरात उडायला शिकवते, आणि परदेशी वैमानिकही तिथे येतात. कड्यांवर, सुळक्यांवर एकामागून एक उतरणारं ब्लॅक हॉक बहुधा याच शाळेचं. त्याच्या नाकावर दांडी नसते आणि ते धावपट्टीवर आडवं उडत बसत नाही.

यंत्र कुणाचं?

चाचणीचं यंत्र ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. नाकापुढची पट्टेदार दांडी रोटरच्या झोताबाहेरचा हवेचा दाब आणि दिशा मोजते. टोकाला छोटी पिसं लटकत असतील तर ती हवेचा कोन सांगतात. रोटरच्या माथ्यावर डबा बसवलेला दिसला तर त्यात फिरत्या पात्यांवरच्या ताणमापकांचे आकडे खाली आणणारी स्लिप रिंग असते. उघड्या दारातून नारिंगी तारांचे जुडगे दिसतात. चाचणीच्या तारा नेहमीच्या तारांपासून वेगळ्या कळाव्यात म्हणून त्या नारिंगी ठेवतात. अंगावर काळे-पांढरे गोल किंवा फुल्या असतील तर कॅमेऱ्याने हालचाल मोजण्यासाठी त्या चिकटवलेल्या आहेत.

मग क्रमांक. इटलीतली चाचणी यंत्रं 'सीएसएक्स' आणि पुढे आकडे असा क्रमांक लावतात. फ्रान्समधली बरीच 'एफ-झेडडब्ल्यू'ने सुरू होतात. जर्मन लष्करी चाचणी यंत्रांवर ९८, मग काळा क्रॉस, मग दोन आकडे. इंग्लंडमधल्या योव्हिल इथे बनलेली एडब्ल्यू-१०१ हेलिकॉप्टरं नॉर्वेसारख्या ग्राहकाच्या रंगात रंगवलेली असूनही चाचणीच्या काळात 'झेडझेड'ने सुरू होणारा ब्रिटिश लष्करी क्रमांक लावून उडाली आहेत. म्हणून रंग एका देशाचा आणि क्रमांक दुसऱ्याचा दिसला तर गोंधळू नये. यंत्र अजून ग्राहकाच्या ताब्यात गेलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

क्रमांक वाचता आला नाही तर रोटर पाहा. अमेरिकी, ब्रिटिश, इटालियन यंत्रांचा मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो. फ्रेंच आणि रशियन परंपरेतल्या बहुतेकांचा घड्याळाच्या दिशेने. खालून पाहताना ही दिशा उलटी दिसते हे लक्षात ठेवावं. इथे पुष्कळ जण फसतात. इंजिन सुरू किंवा बंद होताना फिरकी मंद असते तेव्हा दिशा डोळ्यांना सहज कळते. पात्यांची संख्याही तेव्हाच मोजावी: एनएच-९० ला ४ पाती आणि २ इंजिनं, एडब्ल्यू-१०१ ला ५ पाती आणि ३ इंजिनं.

विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर प्रत्येक यंत्राचा सहा चिन्हांचा एक पत्ता दिसतो, आणि त्याची सुरुवात देशानुसार ठरलेली आहे. 'ए' म्हणजे अमेरिका. ३० ते ३३ इटली, ३८ ते ३बी फ्रान्स, ३सी ते ३एफ जर्मनी, ४० ते ४३ ब्रिटन, ८० ते ८३ भारत. लष्करी यंत्रं पुष्कळदा आपली जागा प्रसारित करत नाहीत आणि डोंगरांच्या आड संदेश पोचतही नाही, म्हणून नकाशावर काही न दिसणं हा पुरावा नव्हे. आणखी एक: तिथे दिसणारी उंची सहसा दाब-उंची असते. लेडव्हिलच्या धावपट्टीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर ९,९३४ ऐवजी ९,६०० दाखवत असेल तर त्या दिवशी हवेचा दाब जास्त आहे. चाचणीचे लोक हिशोबात हाच आकडा घेतात.

परदेशी लष्कराचं यंत्र स्वतःहून येऊन उतरत नाही. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमानुसार एका देशाचं सरकारी किंवा लष्करी विमान दुसऱ्याच्या हद्दीवर परवानगीशिवाय उडू शकत नाही. यंत्र बहुधा पाती उतरवून मालवाहू विमानाने किंवा जहाजाने येतं, जोडलं जातं, सखल भागात तपासणीचं उड्डाण करतं आणि मग डोंगर चढतं. लेडव्हिलला दिसलेल्या हेलिकॉप्टरमागे काही महिन्यांची कागदपत्रं असतात, त्यामुळे 'अचानक आलं' हे फक्त बघणाऱ्याच्या बाजूने खरं.

आपल्याकडे: लडाख

भारतात हेच काम लडाखमध्ये होतं. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. जुलैतल्या २८ अंशांच्या दुपारी त्याची घनता-उंची १४,७०० फुटांच्या पुढे जाते, म्हणजे लेडव्हिलपेक्षाही कठीण. त्याहून वर दौलत बेग ओल्डीची धावपट्टी १६,६१४ फुटांवर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या हलक्या लढाऊ हेलिकॉप्टरची आणि त्यानंतर हलक्या बहुउपयोगी हेलिकॉप्टरची उंचीवरची परीक्षा याच भागात झाली.

परदेशी यंत्रांनीही हिमालय पाहिलेला आहे. भारतीय लष्कराला उंचीवर चालेल असं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं, त्या गरजेतून फ्रेंच कंपनीने लामा बनवलं. त्याने १९६९ मध्ये हिमालयातल्या प्रात्यक्षिकांत ७,५०० मीटरवर उतरून परत उड्डाण केलं. तेच यंत्र भारतात चीता नावाने बनू लागलं आणि सियाचिनच्या ठाण्यांची वर्षानुवर्षं जीवनरेखा ठरलं. नाशिक रोडला लष्कराच्या वैमानिकांची शाळा असल्याने चीता आणि चेतक नाशिककरांच्या ओळखीचे आहेत. शिकवायला सोपी असलेली ती ६०० मीटर उंचीवरची हवा आणि सियाचिनची हवा यांत काय अंतर आहे, हे वरच्या आकड्यांवरून कळावं.

२०१० च्या सुमारास भारताच्या तीन मोठ्या खरेदी-स्पर्धा एकाच वेळी चालू होत्या: लढाऊ हेलिकॉप्टरसाठी अपाची आणि एमआय-२८, अवजड मालासाठी चिनूक आणि एमआय-२६, टेहळणीसाठी फेनेक आणि कामोव्ह-२२६. आपल्या पद्धतीत अशा चाचण्या 'विनाखर्च, विनाबांधिलकी' तत्त्वावर होतात. विक्रेता स्वतःच्या खर्चाने यंत्र आणतो आणि चाचणी झाली म्हणून खरेदीचं वचन मिळत नाही. निकाल पाहिले की हे पटतं. अपाची आणि चिनूकचे करार सप्टेंबर २०१५ मध्ये झाले आणि दोन्ही २०१९ मध्ये हवाई दलात दाखल झाली. एमआय-२८ आणि एमआय-२६ मागे पडली. १९७ टेहळणी हेलिकॉप्टरांची निविदा तर २०१४ मध्ये रद्दच झाली. डोंगरात दिसलेल्या परदेशी यंत्राचा फोटो टाकून 'भारत हे विकत घेतोय' असं लिहिणं म्हणूनच घाईचं असतं.

ओळखायला यातली बहुतेक यंत्रं सोपी होती. कामोव्हला एकावर एक असे दोन रोटर, शेपटीला रोटरच नाही. फेनेकला तीन पाती आणि चाकांऐवजी घसरपट्ट्या. चिनूकला पुढे-मागे दोन रोटर. अपाची आणि एमआय-२८ लांबून सारखी वाटतात आणि दोघांच्या शेपटीचा रोटर कात्रीसारख्या तिरक्या जोडीचा असतो, पण अपाचीला मुख्य पाती ४ आणि एमआय-२८ ला ५.

कॅमेऱ्याबाबत मात्र लेडव्हिल आणि लेह यांत मूलभूत फरक आहे. लेडव्हिलचा विमानतळ काउंटीच्या मालकीचा नागरी विमानतळ आहे. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढता येतात, फक्त कुंपणाच्या आत विचारल्याशिवाय जायचं नाही आणि ड्रोन उडवायचा नाही. तरंगणाऱ्या यंत्राजवळ ड्रोन आला तर चाचणी तिथेच थांबते. लेहचा विमानतळ हवाई दलाचा आहे. तिथे छायाचित्रणाला बंदी आहे आणि १९२३ चा शासकीय गुपित कायदा लष्करी ठिकाणांच्या चित्रांना लागू होतो. लडाखमध्ये फिरताना अनोळखी हेलिकॉप्टर दिसलं तर पाती मोजावीत, रोटरची दिशा बघावी, वेळ आणि हवामान आठवणीत ठेवावं. फोन खिशात राहू द्यावा, आणि जागा व वेळ कुठल्याही गटात टाकू नये. सीमेपासून जवळ असलेल्या ठाण्यावर कुठलं यंत्र किती वाजता किती वजन घेऊन उतरलं, ही माहिती आपल्याला कुतूहलाची वाटते, पण पलीकडच्या बाजूला ती कामाची असते.